उसना ठेका, स्वतःची ओळ

सोलापुरात एखाद्या पोराने रॅप सुरू केला की दोन बाजूंनी टोचणी सुरू होते. घरचे म्हणतात, हे अमेरिकेचं खूळ आपल्याला कशाला. रॅप ऐकणारे मित्र म्हणतात, खरं वाटत नाही बे, मुंबईची कॉपी वाटते. पहिल्यांना परकेपणा खुपतो, दुसऱ्यांना खोटेपणा. आक्षेप वेगळे आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी आहेत, पण बोलताना दोन्ही एकात एक मिसळतात आणि चर्चा कुठेच पोचत नाही.

ती पोचवायची तर गाण्याचे थर सुटे करून बघावे लागतात. रॅपच्या गाण्यात ढोबळमानाने पाच गोष्टी असतात. ठेका, म्हणजे बीट. त्यावर शब्द टाकायची चाल, जिला सगळे फ्लो म्हणतात. भाषा आणि उच्चार. ओळींमधून केलेला दावा, म्हणजे मी कोण, कुठला, मी काय पाहिलं. आणि वरून दिसणारं रूप: कपडे, व्हिडिओ, हातवारे. उसनवारीचा नियम प्रत्येक थराला वेगळा लागतो. ठेका उसना चालतो, फक्त त्याचा हिशोब ठेवला पाहिजे. चाल शिकण्यापुरती सगळेच उसनी घेतात. उच्चार उसना घेतला की गाणं पडतं. दावा उसना घेतला तर ते सरळ खोटं बोलणं झालं. रूपाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टोपी कुठली घातली यावरून कुणी खोटा ठरत नाही.

जन्मच मिश्र

रॅप ज्या संस्कृतीतून आला त्या हिपहॉपची जन्मतारीख म्हणून 11 ऑगस्ट 1973 सांगितली जाते. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली होती. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायचे होते. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. तो जन्मला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये. तिथे रस्त्यावर भलेमोठे स्पीकर लावून गाणी वाजवायची आणि गाण्यावर माइकमधून बोलायचं, ही पद्धत आधीपासून रुळलेली होती.

हर्कने पाहिलं की लोक गाण्याच्या एका ठराविक जागी जास्त नाचतात. गायन थांबतं आणि नुसते ड्रम वाजतात, ती जागा म्हणजे ब्रेक. पण ब्रेक काही सेकंदांत संपतो. म्हणून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. अशा रीतीने काही सेकंदांचा ठेका हवा तेवढा लांबवता येऊ लागला. आजचा लूप म्हणजे हेच काम, संगणकाने केलेलं.

पुढची नावं पाहिली तर मिश्रण आणखी दाट होतं. ग्रँडमास्टर फ्लॅशचा जन्म बार्बाडोसचा. ब्रेकिंग या नाचात आणि ग्राफिटी या भिंतीवरच्या रंगकामात पोर्तो रिकन पोरांचा मोठा वाटा. 1982 साली आफ्रिका बंबाटाने गाजवलेल्या गाण्याची धून क्राफ्टवेर्क या जर्मन चमूकडून घेतलेली. ज्या ड्रम यंत्राचा घुमणारा बेस आजही अर्ध्या रॅपखाली वाजतो, ते टीआर-808 जपानच्या रोलँड कंपनीने 1980 मध्ये काढलं. तेव्हा ‘शुद्ध’ हिपहॉप नावाची वस्तू पहिल्या दिवशीही अस्तित्वात नव्हती.

इथे एक घसरण होते, ती टाळली पाहिजे. मिश्र आहे म्हणजे कुणाचंच नाही, असा अर्थ निघत नाही. ही कला प्रामुख्याने गरीब काळ्या वस्त्यांनी घडवली. त्याच वस्त्यांच्या मधून क्रॉस ब्रॉंक्स एक्स्प्रेसवे काढला गेला होता आणि सत्तरच्या दशकात तिथल्या इमारतींमागून इमारती जळत होत्या. कष्ट एकाचे आणि पैसा दुसऱ्याचा, हा प्रकारही सुरुवातीपासून आहे. 1969 च्या एका गाण्यात द विन्स्टन्स या बँडचा ड्रमवादक ग्रेगरी कोलमन साधारण सात सेकंद एकटा वाजवतो. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून वापरला गेला. कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही.

1979 साली रॅप पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विकला गेला तो शुगरहिल गँगच्या गाण्यामुळे. त्यातल्या बिग बँक हँकने आपल्या वाट्याच्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉंक्सच्या रॅपरच्या वहीतून उचलल्या होत्या. उचलताना इतकंही पाहिलं नाही की ओळीत कॅझने स्वतःच्या टोपणनावाचं एकेक अक्षर गुंफलं होतं. ते नाव दुसऱ्याच्या तोंडून तसंच रेकॉर्ड झालं. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, शाहिराच्या पोवाड्यात त्याचं नाव येतं, त्याचं एक काम हेच आहे: ओळ कुणाची ते सांगणं. रॅपर सुरुवातीला स्वतःचं नाव घेतो, बीट बनवणारा आपला आवाजी शिक्का ठेवतो, तोही याच कारणासाठी.

‘खरा’ आणि ‘खोटा’ कुठून आलं

खरेपणाचा हट्ट तीव्र झाला तो हिपहॉपला बाजार मिळाल्यावर. 1990 मध्ये व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरचं गाणं बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या जागी पोचलेलं ते पहिलं हिपहॉप गाणं. त्याच्या प्रसिद्धीपत्रकात तो मायामीच्या खडतर वस्तीतून आल्याचं रंगवलं होतं. वर्तमानपत्रांनी खोदून काढलं की त्याचं बरंचसं लहानपण डॅलसच्या उपनगरात गेलं. त्याची पत गेली ती गोरा असल्याने नव्हे. दहा वर्षांनी डेट्रॉइटचा एमिनेम आला, तोही गोराच. त्याने काळ्या वस्तीतला असल्याचं सोंग आणलं नाही. उलट गोरा असल्यामुळे आपला माल जास्त खपतो, हे स्वतःच्या गाण्यात म्हटलं. लोकांनी त्याला घेतलं.

1999 साली केम्ब्र्यू मॅक्लाउड या अमेरिकी अभ्यासकाने हिपहॉपवाले ‘खरं’ म्हणतात तेव्हा नेमकं काय म्हणतात, हे तपासलं. त्याला सहा जोड्या सापडल्या: स्वतःशी प्रामाणिक की लाटेमागे धावणारा, काळा की गोरा, भूमिगत की धंदेवाईक, कठोर की मऊ, रस्त्यावरचा की उपनगरातला, जुन्या परंपरेचा की मुख्य प्रवाहातला. एखादी संस्कृती गिळली जाण्याच्या धोक्यात आली की ती आपल्याभोवती अशी कुंपणं घालते, असं त्याचं म्हणणं. ते पटतं. पण सहाही कुंपणं जपण्यालायक नाहीत. ‘कठोर की मऊ’ या जोडीने पुरुषी दांडगाईला खरेपणाचं प्रमाणपत्र दिलं आणि बायकांना दाराबाहेर ठेवलं. वास्तविक रोक्सॅन शांटेने 1984 मध्ये, चौदाव्या वर्षी, तेव्हाच्या पुरुष रॅपरांना गाण्यातून असं उत्तर दिलं की उत्तरांची मालिकाच सुरू झाली. सोलापुरात मैफलीला मुली येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्या ओळी आधी याच निकषावर वाचाव्यात.

दाव्याचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. गाण्यातला ‘मी’ म्हणजे प्रतिज्ञापत्रातला ‘मी’ नसतो. रिक रॉस हा रॅपर अमली पदार्थांच्या धंद्यावर गात असे. तो पूर्वी तुरुंगात रक्षक होता हे 2008 मध्ये बाहेर आलं. खूप टीका झाली, पण कारकीर्द संपली नाही, कारण अनेकांनी त्याची गाणी कथा म्हणूनच ऐकली. मराठी श्रोत्याला हे समजायला अडचण नसावी. लावण्या लिहिणारे बहुतेक शाहीर पुरुष होते आणि त्यांच्या कितीतरी लावण्यांत बोलणारी बाई आहे. तिला कुणी खोटं म्हटलं नाही, कारण हा आवाज पात्राचा आहे हा संकेत श्रोत्याला ठाऊक होता. म्हणून दुसऱ्याच्या तोंडून लिहायचं असेल तर जरूर लिहावं, पण पात्र पात्र म्हणून उभं करावं: त्याला नाव द्या, आवाज थोडा बदला, पहिल्या दोन ओळींत खूण सोडा. पात्राची गोष्ट गाण्यात आणि तीच गोष्ट मुलाखतीत स्वतःची म्हणून, असं झालं की संकेत मोडतो.

सोलापूरच्या मागे कोण उभं आहे

लावणीकार राम जोशी सोलापूरचे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पुराणिक-कीर्तनकारांच्या घरातला हा माणूस तमाशाच्या फडात शिरला आणि संस्कृतचा डौल बोलीच्या ठसक्यात मिसळून गेला. शाहीर अमर शेख बार्शीचे. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. कामगारांच्या प्रश्नावर, त्यांच्याच भाषेत, उघड्या मैदानात. त्याही आधी सत्यशोधक जलसे होते, पुढे आंबेडकरी जलसे झाले. ठेक्यावर बोलून सत्तेला प्रश्न विचारणं आपल्याला ब्रॉंक्सने शिकवलेलं नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात दोन बाजू रात्रभर सवाल-जवाब करत. रॅप बॅटलमध्येही समोरच्याचा शब्द पकडून त्यावर कडी करायची असते. फरक एवढाच की कलगी-तुऱ्यात विषयाला शास्त्र-पुराणाचा आधार लागे आणि बॅटलमध्ये बहुतेक वेळा समोरचा माणूस हाच विषय असतो.

यावरून ‘रॅप मुळात आपलाच’ असा निष्कर्ष काढणं मात्र चूक आहे. पोवाडा आणि रॅप स्वतंत्रपणे वाढले. सारखेपणा आहे, वारसाहक्क नाही. कर्ज मान्य करून आपलं काम कसं करावं याचा धडा मराठीतच आहे. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली, तेव्हा नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं आणि ते लपवलं नाही. आतला मजकूर मात्र पूर्ण इथला: गावकुसाबाहेरची वस्ती, जातीचा जाच, कामाठीपुरा. नाव उसनं, दुखणं स्वतःचं, आणि उसनवारी उघड.

हिंदुस्तानातल्या रॅपचा अलीकडचा मोठा टप्पा म्हणजे मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी यांचं 2015 मधलं गल्लीवरचं गाणं आणि मग 2019 चा ‘गल्ली बॉय’ हा चित्रपट. त्यानंतर गावोगावच्या पोरांनी मुंबईची गल्ली उचलली. सोलापुरात बसून लोकल ट्रेन, खोली आणि झोपडपट्टीच्या अरुंद बोळावर लिहिणारे निघाले. इथे बघायला काय कमी आहे? बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागा आहेत, पूर्व भागातले यंत्रमाग आहेत, हजार विड्यांमागे मजुरी मोजणाऱ्या बायका आहेत, नळाला रोज न येणारं पाणी आहे, हद्दवाढ भागातले रस्ते आहेत. यंत्रमागावर लिहायचं तर धोटा, कांडी, बीम, तुटलेला धागा आणि कानात बसणारी खटखट ओळीत यायला हवी. ‘मेहनत’ आणि ‘संघर्ष’ हे शब्द कुठल्याही शहराच्या गाण्यात चालतात, म्हणूनच ते काही सांगत नाहीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. माल कुठला हे कागदावर सिद्ध करता येतं. गाण्याला असा कागद नाही. तिथे पुरावा म्हणजे तपशील.

भाषा: सगळ्यात मोठी ठेव आणि सगळ्यात सोपी चूक

सोलापूरचा माणूस घरात तेलुगू किंवा कन्नड, बाजारात मराठी, मित्रांत दखनी वळणाची हिंदी, असं दिवसभर बदलत बोलतो. ‘काय करू लालास बे’ या वाक्याला पुण्यात कुणी प्रमाण मानणार नाही, पण त्याचा स्वतःचा ठेका आहे. बरेच जण माइकसमोर उभे राहिले की हे सगळं बाजूला ठेवतात. कुणी पुस्तकी मराठी काढतो, कुणी मुंबईची टपोरी हिंदी, कुणी इंग्रजी गाण्यातला ओढलेला ‘र’. ऐकणाऱ्याला हे तीन ओळींत कळतं, कारण घाईच्या ओळीत खरा उच्चार वर येतो आणि संथ ओळीत नकली. एकाच गाण्यात दोन माणसं बोलल्यासारखं होतं. तपासायचं असेल तर बीट बंद करून नुसता आवाज ऐका. जिथे तुम्ही घरी तसं बोलत नाही, ती जागा लगेच उघडी पडते.

आता थोडं मोजमाप. रॅपचा एक बार म्हणजे चार ठोके, आणि एका कडव्यात सहसा 16 बार. 90 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांच्या वेगात, एक बार 2.67 सेकंदांचा होतो, 16 बार साधारण 43 सेकंदांत संपतात. 140 बीपीएमवर तेच 16 बार 27 सेकंदांत. एका बारचे 16 बारीक भाग पाडले तर 90 वर सेकंदाला सहा जागा मिळतात, 140 वर नऊहून जास्त. मराठीत जोडाक्षरं आणि ‘ळ’, ‘ण’ भरपूर असल्याने सगळ्या जागा भरायला गेलं की जीभ अडखळते आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. सुरुवातीला 85 ते 95 बीपीएम घ्या आणि बारमध्ये 9 ते 12 उच्चार ठेवा. वेग नंतर येतो.

मोजताना अक्षरं नव्हे, उच्चार मोजायचे. ‘सोलापूर’ लिहिताना चार अक्षरं, बोलताना तीन उच्चार: सो-ला-पूर. ‘यंत्रमाग’चंही तेच. अभंगात शेवटचा ‘अ’ गाऊन पूर्ण करतात, म्हणून तिथे अक्षरं मोजून चालतं. मोठ्या अभंगाचा साचा 6-6-6-4 अक्षरांचा. बारच्या चार ठोक्यांच्या प्रत्येकी दोन अशा आठ मात्रा धरून सहा अक्षरांचा चरण एका बारमध्ये ठेवला तर मागे दोन मात्रा मोकळ्या राहतात, आणि तिथे श्वास किंवा मागच्या पोरांचा प्रतिसाद बसतो. हुकसाठी, म्हणजे ध्रुवपदासाठी, हा साचा फार उपयोगी आहे. कडव्यासाठी तो आखडतो.

यमकाचा सापळा मराठीत खास आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ‘फिरतो, करतो, मरतो’ किंवा ‘आला, गेला, झाला’ फुकट मिळतं. सलग आठ ओळी अशा आल्या की कान पुढची ओळ आधीच ओळखतो. उपाय म्हणजे नाम शेवटी आणायचं आणि दोन-तीन उच्चारांचं यमक जुळवायचं. ‘अशोक चौक’ला ‘भलता शौक’, ‘विजापूर वेस’ला ‘बापावर केस’. बोलीत आपण शब्द असे उलटेपालटे करतोच: ‘उभा होता चौकात’, ‘बघितलं का तोंड त्याचं’. म्हणजे वाक्य वाकवावं लागत नाही, घरचं बोलणं नीट ऐकावं लागतं.

तेलुगूतले बहुतेक शब्द स्वराने संपतात, कन्नडमधलेही पुष्कळ. त्यामुळे मराठीच्या तुटक शेवटांमध्ये त्या भाषांतली ओळ पाण्यासारखी वाहते. ‘इल्ली बा’, ‘इटु रा’ अशी हाक हुकमध्ये सुंदर बसते. पण मिश्रण करताना एक पथ्य: ज्या भाषेत फक्त शिव्या आणि हाका येतात, त्या भाषेत कडवं लिहू नये. ती भाषा घरात बोलणाऱ्या मित्राला आठ बार द्या. दोघांचं गाणं होईल आणि उच्चारही खरे येतील. एक-दोन शब्द सजावटीपुरते पेरले की त्या घरातल्या माणसाला ती चेष्टा वाटते, आणि त्याचं वाटणं बरोबर असतं.

काही शब्द मात्र उसने घ्यायचेच नाहीत. काळ्या लोकांना गुलामीत दिलेली शिवी त्यांनी आपसात वापरायला घेतली, हा त्यांच्या जखमेचा आणि त्यांच्या हक्काचा भाग आहे. इथून ती उच्चारणाऱ्याकडे त्यातलं काहीच नाही. जातिवाचक शब्दांबद्दल इथेही तेच आहे. ज्याने ते सोसलं तो त्या शब्दाला उलटवू शकतो, इतरांनी बॅटलच्या जोशात तो तोंडी घेऊ नये. शिवाय अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने त्या समाजातल्या व्यक्तीला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आवाज घेणं आणि आवाजाचे पैसे देणं

इंटरनेटवरून उतरवलेला बीट ही सर्वांत नेहमीची सुरुवात. ‘फ्री’ लिहिलेला बीट बहुतेक वेळा फक्त कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असतो. तो गाण्याखाली घालून सगळीकडे चढवला की यूट्यूबची ओळखयंत्रणा तो पकडते आणि जाहिरातीचे पैसे भलत्याच्या खात्यावर जातात. साधा परवाना विकत घेतला तरी तोच बीट इतर अनेकांकडे असतो, आणि परवान्यात ऐकण्याच्या संख्येची मर्यादा असू शकते. अटी वाचा, पावती जपून ठेवा, बीटवाल्याचं नाव द्या.

इथलाच आवाज हवा असेल तर हलगी आहे. कातडी हलगी शेकून ताणतात. थंड झाली की सूर उतरतो. पहिला आणि पाचवा टेक एकमेकांवर ठेवले की जुळत नाहीत, म्हणून शेकल्याबरोबर सगळे तुकडे सलग घ्यायचे. माइक एक ते दीड मीटरवर, थोडा तिरका. पत्र्याच्या शेडमध्ये नको, घुमतं. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर पातळी हाताने ठरवता येईल असं अॅप घ्या. नेहमीचं अॅप मोठा ठोका आला की आवाज दाबतं आणि मग हळूहळू वर आणतं, त्याने हलगीचा जीवच जातो. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा ठोका अॅपच्या मीटरवर उणे 10 डेसिबलच्या आसपास.

यंत्रमागाचा आवाज ऐकायला ठेक्यासारखा वाटतो, पण तो सरळ लूप होत नाही. धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फेकला जातो. दोन्ही ठोक्यांचा पोत वेगळा आणि मधलं अंतर किंचित कमी-जास्त. व्होल्टेज हललं, पट्टा घसरला की वेगही बदलतो. म्हणून कापायचं ते जोडीने, डावा आणि उजवा मिळून एक तुकडा. मग वेग मोजून बीट त्याला जुळवायचा, मागाला बीटप्रमाणे फार ताणायचं नाही. ताणला की लोखंडाचा आवाज प्लास्टिकसारखा होतो. तुकडा आवाजाची लाट शून्यावर असताना कापा, नाहीतर प्रत्येक फेरीला ‘टिक’ वाजतं. शेडमध्ये आवाज सहज 90 डेसिबलच्या वर असतो. तासभर थांबणार असाल तर कानात बोळे घाला. आणि मालकाला विचाराच, पण मागावरच्या कामगारालाही विचारा.

जुनं गाणं कापून घ्यायचं तर कायदा समजून घ्या. ‘पाच सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही नियम भारतीय कायद्यात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. 1965 मध्ये निघालेल्या रेकॉर्डचा हक्क 2025 च्या अखेरीला संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा: कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे एका कॅसेटवरच्या भीमगीताला दोन-तीन मालक असू शकतात. शिवाय गाणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क 50 वर्षं असतो. जात्यावरची ओवी कुणाच्या मालकीची नाही. पण ती म्हणणाऱ्या आजींचा आवाज तुम्ही रेकॉर्ड केलात तर त्या आवाजावर त्यांचा हक्क आहे.

हा प्रकार उलट दिशेनेही घडला आहे. 2002 मध्ये अमेरिकेत गाजलेल्या एका गाण्यात लता मंगेशकरांच्या 1981 च्या गाण्याचा लांबलचक तुकडा न विचारता वापरला होता. संगीतकार बप्पी लाहिरींचं श्रेय दिल्याशिवाय विक्री थांबवा, असा आदेश 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. आपल्याला तेव्हा जो राग आला, तोच राग हलगीवाल्याला आला तर तो समजून घेतला पाहिजे. हलगी ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वाजवली, त्याला त्या वाजवण्यापायीच हिणवलं गेलं. आज तोच आवाज ‘देशी बीट’ म्हणून विकला जातो आणि वाजवणारा तीनशे रुपयांत घरी जातो, हे बरोबर नाही. सॅम्पल, म्हणजे कापलेला तुकडा, घेण्यापेक्षा माणूसच गाण्यात घेणं कधीही चांगलं. मुंबईच्या स्वदेसी या चमूने 2019 मध्ये आरेच्या जंगलावर गाणं केलं, तेव्हा तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः त्यात गायले.

व्यवहार रेकॉर्डिंगच्या दिवशीच, एका कागदावर करावा. गाण्याचं नाव, तारीख, कुणी काय केलं, एकरकमी पैसे किती, कमाईत वाटा किती टक्के, सगळ्यांच्या सह्या. ‘शब्द’ आणि ‘संगीत’ यांचे वाटे वेगळे लिहा, रेकॉर्डिंगचा आणखी वेगळा. कागद मराठीत चालतो. वाचता न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याच्या घरच्या कुणासमोर अंगठा घ्या. गाणी नियमित निघत असतील तर कवी आणि संगीतकाराने आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं, रॉयल्टी त्या वाटेने येते.

गाणं चढवताना डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं वेगवेगळ्या अॅपवर पोचवणारी कंपनी, कलाकार, गीतकार, संगीतकार, निर्माता असे रकाने देते. हलगीवाल्याचं, ओवी म्हणणाऱ्या आजींचं, तेलुगू कडवं म्हणणाऱ्या मित्राचं नाव तिथेच गेलं पाहिजे, नुसतं व्हिडिओखालच्या मजकुरात नव्हे. तो मजकूर गाण्यासोबत पुढे जात नाही. स्पेलिंग प्रत्येक गाण्यात एकच ठेवा, नाहीतर एकाच माणसाची दोन खाती होतात. नाव राहून गेलं तर डिस्ट्रिब्युटरकडून दुरुस्ती होते. गाणं काढून नव्याने टाकावंच लागलं तर आधीचाच बारा अक्षर-अंकी आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, द्या. नवा क्रमांक पडला तर ऐकल्याचे आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात.